रात्रीचा फोटो, रात्रीची तब्येत

मे २०२४ मधल्या १० आणि ११ तारखांच्या दरम्यानची रात्र. सूर्यावरून निघालेल्या भारित कणांच्या लोटांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला गेल्या दोन दशकांतला सर्वांत मोठा हादरा दिला होता. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा आकाशातला प्रकाश त्या रात्री लडाखमधल्या हानले इथून टिपला गेला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगतचा तांबडा पट्टा पकडला आणि दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे देशभरातल्या मोबाइलवर पोहोचली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखच्या आकाशात पुन्हा तसाच रंग उतरला.

गंमत अशी की, कॅमेऱ्यात कुंकवासारखा लाल उमटलेला हा प्रकाश नुसत्या डोळ्यांना मात्र अगदी अंधूक होता. असाच अनुभव आकाशगंगेच्या बाबतीत येतो. फोटो पाहून उत्साहाने डोंगरावर रात्र काढायला गेलेली मंडळी परत येतात ती थोडी हिरमुसून. ‘फोटोत दिसते तशी आकाशगंगा दिसलीच नाही, नुसता पांढुरका पट्टा होता,’ ही तक्रार नेहमीची. मग खोटे कोण बोलते, कॅमेरा की डोळा?

खोटे कोणीच बोलत नाही. दोघांची प्रकाश गोळा करण्याची रीत वेगळी आहे. ही रीत समजून घेतली तर रात्रीचे फोटो चांगले काढता येतात, हा झाला छंदाचा भाग. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हेच फोटो आपल्या रात्रीचे काय झाले आहे हेही सांगतात. एक्स-रे काढल्यावर वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या छातीतली सावली दिसावी, तसे.

डोळ्याची घाई, कॅमेऱ्याचा धीर

माणसाच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या सुमारे १२ कोटी पेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. म्हणून अंधुक प्रकाशात सगळे जग करड्या रंगाचे होते. आकाशगंगा डोळ्यांना पांढुरकी दिसते ती यामुळेच.

लाल प्रकाशाची गोष्ट आणखी वेगळी. दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. हानलेच्या आकाशातला तो लाल पट्टा वातावरणाच्या फार उंच थरातल्या ऑक्सिजनच्या अणूंमधून निघालेला होता आणि त्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर, म्हणजे दंडपेशींच्या आवाक्याच्या जवळपास बाहेरची. शंकूपेशींना तो रंग कळला असता, पण तेवढ्या मंद प्रकाशात त्या जाग्या होत नाहीत. दोन्ही बाजूंनी डोळा कमी पडला आणि कॅमेरा जिंकला.

दुसरा फरक वेळेचा. अंधारातही डोळा सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरताच प्रकाश साठवतो आणि चित्र मेंदूकडे पाठवून मोकळा होतो. चालत्या-पळत्या जगात जगायचे तर ही घाई हवीच. कॅमेऱ्याला तशी घाई नाही. त्याचा पडदा २० सेकंद उघडा ठेवला तर २० सेकंदांत येणारा सगळा प्रकाश एकाच चित्रात जमा होतो. नळाची बारीक धार ओंजळीत धरली तर घोटभरही पाणी मिळत नाही, पण खाली बादली ठेवून थांबले तर ती भरते. दीर्घ उद्भासन, म्हणजे लाँग एक्स्पोजर, ते हेच.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, त्यासाठी ५१ मिनिटे प्रकाश जमवावा लागला. ड्रेपर हे पेशाने वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते, ही त्यातली आणखी एक गंमत. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले की, दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले. काच आणि रसायन यांनी डोळ्याला मागे टाकले, तो तो क्षण. त्यानंतर काही वर्षांतच पुण्यातही सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी २० इंची परावर्तक दुर्बिणीसह महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिथली उपकरणे कोडाईकनालला गेली. शहराच्या मधोमध बसून मृगातला तेजोमेघ अभ्यासता येत होता, ते पुणे कसे असेल याची आज कल्पनाही करवत नाही.

आकाश सरकते, त्याचा हिशेब

एक्स-रे काढताना तंत्रज्ञ ‘श्वास रोखून धरा’ म्हणतो, कारण हलले की चित्र पुसट होते. आकाशाला मात्र श्वास रोखायला सांगता येत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. दोन मिनिटांत ते पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतके पुढे गेलेले असते. पडदा फार वेळ उघडा राहिला की ताऱ्यांचे ठिपके लांबून रेघा होतात.

त्यासाठी छायाचित्रकार एक साधा आडाखा वापरतात. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे फोकल लेंग्थने, भागायचे. २४ मिलिमीटरचे भिंग असेल तर सुमारे २० सेकंद, ५० मिलिमीटरचे असेल तर १० सेकंद. कॅमेऱ्याचा संवेदक लहान आकाराचा असेल तर आधी नाभीय अंतराला दीडने गुणायचे, म्हणजे २४ मिलिमीटरसाठी १४ सेकंदच उरतात. हल्लीचे संवेदक इतके बारकावे टिपतात की, अनेक जण ५०० च्या जागी ३०० धरतात. ध्रुवाजवळचे तारे हळू सरकतात, तिथे थोडी सवलत मिळते.

बाकीची मांडणीही तर्काने ठरते. भिंगाचे तोंड शक्य तितके उघडे, एफ २.८ किंवा त्याहून मोठे. आयएसओ १६०० ते ३२०० च्या आसपास. आयएसओ वाढवल्याने जास्त प्रकाश येतो हा गैरसमज आहे. रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसा हा प्रकार. फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर पडद्यावर मोठे करून साधायचा, कारण अंधारात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो. तिपाई भक्कम हवी. बटण दाबताना बसणारा हलकासा धक्काही चित्र बिघडवतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. फोटो ‘रॉ’ स्वरूपात ठेवायचा, म्हणजे नंतर काम करायला मूळ माहिती शाबूत राहते.

सरकणे टाळायचे नसेल तर त्याचेच चित्र करता येते. ध्रुवताऱ्याकडे कॅमेरा रोखून तासभर ३०-३० सेकंदांचे फोटो घ्यायचे आणि एकावर एक ठेवायचे. मग प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो आणि सगळे कंस एका बिंदूभोवती फिरताना दिसतात. हा बिंदू किती उंच असेल, हे गावावर अवलंबून. मुंबईत क्षितिजापासून सुमारे १९ अंश, नागपुरात २१, हानलेला जवळपास ३३. ध्रुवाची उंची म्हणजे त्या ठिकाणाचा अक्षांश, हा शाळेतला धडा एका फोटोत पाहायला मिळतो.

अनेक फोटोंची एक बेरीज

रक्तदाब एकदाच मोजून डॉक्टर औषध सुरू करत नाहीत. एखादा आकडा चुकीचा येऊ शकतो, चार-सहा वेळच्या आकड्यांची सरासरी भरवशाची असते. रात्रीच्या फोटोतही हेच तत्त्व वापरले जाते. एका फोटोत ताऱ्याच्या खऱ्या प्रकाशाबरोबर संवेदकाचा दाणेदारपणाही येतो. तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, दाणे मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडतात. १६ फोटोंची सरासरी काढली की दाणेदारपणा एक चतुर्थांशावर येतो. यासोबत भिंगाला टोपण लावून तेवढ्याच वेळेचे काही काळे फोटो घेतात. त्यांत फक्त संवेदकाचे दोष उमटतात आणि ते मूळ फोटोंतून वजा करता येतात. पृथ्वीच्या फिरण्याला उलट दिशेने भरपाई करणारी यंत्रणा तिपाईवर बसवली तर एकेक फोटो काही मिनिटांचाही घेता येतो.

आता हे सगळे गणित खिशातल्या फोनमध्ये आले आहे. २०१९ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ताऱ्यांसाठी खास सोय आली. फोन स्थिर ठेवला की तो जास्तीत जास्त १६ सेकंदांचे एक, असे १५ फोटो घेतो आणि त्यांची बेरीज करून देतो. तेव्हापासून इतर कंपन्यांच्या फोनमध्येही अशा सोयी आल्या. जे काम एकेकाळी वेधशाळेतले लोक करत, ते आता कॉलेजातली मुले गडावरच्या सहलीत करतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण इथेच एक धोका लपला आहे.

वेदनाशामक गोळी

शहराजवळून घेतलेल्या मूळ फोटोत क्षितिजावर पिवळा-पांढरा घुमट दिसतो. तो त्या शहराच्या वाया गेलेल्या दिव्यांचा उजेड असतो. हल्लीची संगणकप्रणाली काही क्षणांत तो घुमट पुसून टाकते, रंग गडद करते आणि शहरापासून तासाभराच्या अंतरावरची रात्र हानलेसारखी दिसू लागते. फोटो सुंदर होतो. दुखणे मात्र तिथेच राहते. ताप का आला हे न शोधता फक्त ताप उतरवणारी गोळी घ्यावी, तसे हे आहे. समाजमाध्यमांवर रोज देखण्या आकाशगंगा पाहणाऱ्याला आपले आकाश ठीकच आहे, असे वाटत राहते.

ते ठीक नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातले ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाश-प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि दर तिघांपैकी एकाला स्वतःच्या घरून आकाशगंगा कधीच दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास आणखी बोलका आहे. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी आपल्याला कोणते तारे दिसतात, याच्या ५१ हजारांहून अधिक नोंदी केल्या. त्यांवरून आकाशाचा उजेड दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे, असे आढळले. या वेगाने आठ वर्षांच्या आत तो दुप्पट होतो. आज जिथे २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी सुमारे १०० तारेच दिसतील.

कृत्रिम उपग्रहांनी घेतलेली मोजमापे एवढी वाढ दाखवत नव्हती. त्याचे एक कारण एलईडी दिवे आहेत. जुने सोडियमचे दिवे नारिंगी उजेड देत. नवे पांढरे एलईडी बराच निळा प्रकाश टाकतात आणि तो मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या उपग्रहाच्या संवेदकाला दिसत नाही. हाच निळा प्रकाश हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दिवसाचे आकाश निळे दिसते त्याच कारणाने. भारतात जानेवारी २०१५ मध्ये रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि एक कोटीहून अधिक दिवे एलईडीचे झाले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद. पण वीज स्वस्तात पडते म्हणून दिवे वाढले, चौकाचौकांत हायमास्ट उभे राहिले, जाहिरातींचे फलक रात्रभर झगमगत राहिले. बचतीच्या हिशेबात अंधाराची किंमत कोणी धरलीच नव्हती.

या फोटोंत आता आणखी एक गोष्ट येते, सरळ पांढऱ्या रेघा. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडले गेले. आज त्या एकाच कंपनीचे सात हजारांहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. जमिनीवर अंधार पडल्यावरही काहीशे किलोमीटर उंचीवर त्यांच्यावर ऊन पडत असते, म्हणून संध्याकाळनंतर आणि पहाटेपूर्वी ते जास्त दिसतात. हौशी छायाचित्रकार अनेक फोटोंच्या सरासरीत ही रेघ पुसू शकतो. एखादा क्षणभर चमकणारा तारा किंवा पृथ्वीकडे येणारा लघुग्रह शोधणाऱ्या वेधशाळेला ते इतके सोपे नसते. चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली चित्रे जाहीर केली. तिचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ३०-३० सेकंदांचे फोटो घेत सगळे दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा पालथे घालणार आहे आणि या रेघा ही तिथल्या शास्त्रज्ञांची रोजची डोकेदुखी आहे.

शरीराला अंधार कशाला हवा?

तारे दिसले नाहीत तर बिघडले काय, असे विचारणारे बरेच असतात. त्याचे उत्तर पुन्हा डोळ्यातच आहे. दृष्टिपटलावर दंड आणि शंकू यांखेरीज तिसऱ्या प्रकारच्या पेशी असतात, हे या शतकाच्या सुरुवातीला नीट सिद्ध झाले. त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड आहे की अंधार एवढेच मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात ते निळ्या प्रकाशाला, सुमारे ४८० नॅनोमीटरच्या. अंधार पडल्याचा निरोप मिळाला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते आणि शरीर रात्रीच्या कामाला लागते. झोप, शरीराचे तापमान, रक्तदाब, साखरेचे नियमन या सगळ्यांना ही लय असते. या घड्याळाच्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

लय बिघडली तर काय होते, हे रात्रपाळी करणाऱ्यांच्या अभ्यासांतून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. मधुमेह, स्थूलता आणि हृदयविकार यांच्याशीही रात्रपाळीचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणे वेगळे आणि खिडकीबाहेर खांबावरचा दिवा असणे वेगळे. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो, दिव्याखालच्या रस्त्यावर तो पाच ते वीस लक्स आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली शंभरच्या पुढे. म्हणजे बहुतेकांच्या झोपेचे नुकसान रस्त्यावरच्या दिव्यापेक्षा घरातला उजेड आणि उशाशी धरलेला मोबाइल जास्त करतो. तरीही झोपण्याच्या खोलीत रात्रभर येणारा पांढरा झोत टाळण्याजोगा आहे आणि तो टाळणे स्वस्तही आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे उबदार रंगाचे आणि वरून झाकलेले दिवे वापरावेत, असे सुचवले होते.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला अंधारी गल्ली नको असते आणि तिचे म्हणणे रास्त आहे. पण उघड्या दिव्याचा झोत डोळ्यांत गेला की बाहुली आकुंचते आणि शेजारची सावली आणखी काळी होते. मोतीबिंदू सुरू झालेल्या ज्येष्ठांना तर अशा झोताने समोरचा खड्डाही दिसत नाही. दिवा झाकून खाली वळवला की तोच उजेड रस्त्यावर पडतो. रस्ता उजळ आणि आकाश काळोखे, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात.

पेंचमध्ये जमले

त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी काही अचाट करावे लागले नाही. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या बफर क्षेत्रातल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. आकाश पाहण्यासाठी मनोरा केला, दुर्बीण ठेवली. गावे अंधारात गेली नाहीत. जंगलातल्या निशाचर प्राण्यांनाही रात्र परत मिळाली.

हानलेमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश संरक्षित करताना स्थानिकांनाच सोबत घेतले गेले. खिडक्यांना जाड पडदे, गाड्यांचे दिवे मंद आणि गावातल्या २४ तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण. आलेल्या पाहुण्यांना आकाश दाखवणे हा आता त्यांचा रोजगार आहे. पश्चिम महाराष्ट्रात हे व्हायला हवे असेल तर जुन्नरजवळचा गिरवलीचा परिसर सहज आठवतो. पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण तिथल्या डोंगरावर आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून लोकांना आकाश दाखवत आहेत. म्हणजे माणसे आहेत, जाण आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या निविदेत ‘दिवा वरून झाकलेला आणि ३,००० केल्विनपेक्षा कमी’ ही एक ओळ यायची बाकी आहे.

निघण्यापूर्वी

रात्र काढायला जाणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली डोळ्यांची. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलकडे एक नजर टाकली की ती कमाई जाते. म्हणून लाल कागद लावलेली बॅटरी वापरतात. दंडपेशींना लाल रंग जाणवत नाही, हा तोटा इथे फायद्याचा ठरतो. मंद तारा बघताना नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतात. अर्ध्या तासानंतरही इतरांना दिसते ते आपल्याला दिसत नसेल, अडखळायला होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. मोतीबिंदू, जीवनसत्त्व अ-ची कमतरता किंवा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार अशा वेळी पहिल्यांदा उघड होतो. आणि तारे दाखवायची हिरवी लेझर मुलांच्या हाती कधीही देऊ नये. डोळ्यात शिरलेल्या किरणाने दृष्टिपटलाला होणारी इजा कायमची असू शकते.

दुसरी जमिनीची. कातळावर, गवतात विंचू, फुरसे आणि घोणस असतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे ही तिची खूण. उघड्यावर सतरंजी टाकून झोपू नये, तळ शिवलेला तंबू घ्यावा, घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. दंश झाल्यास बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळते. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेले प्राझोसिनचे उपचार तर जगाने स्वीकारले आहेत. पण रुग्ण वेळेत पोहोचायला हवा.

तिसरी उंचीची. हानले ४,२०० मीटरहून उंच आहे आणि तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के प्राणवायू मिळतो. विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी हानले गाठणे धोक्याचे. लेहला किमान दोन-तीन दिवस काढावेत. डोकेदुखी, मळमळ असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर फोटो राहू द्यावेत आणि खाली उतरावे.

चौथी परतीची. रात्रभर जागून पहाटे गाडी चालवणे हे या छंदातले सर्वांत मोठे संकट आहे, विंचवाहूनही मोठे. दोन तास झोपून निघावे.

एक फोटो दर वर्षी

नागरिकांच्या नोंदींवर बेतलेल्या त्या अभ्यासात बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. आपल्या आकाशाचा कागदच रुग्णाच्या खाटेला लावलेला नाही. तो भरणे मात्र कोणालाही जमेल. हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र डोक्यावर येते, खाली व्याधाचा ठळक तारा, वर रोहिणी आणि कृत्तिका. डिसेंबर-जानेवारीतल्या अमावास्येच्या रात्री, स्वतःच्याच गच्चीवरून, तोच कॅमेरा, तेच भिंग, तेवढेच सेकंद आणि तोच आयएसओ ठेवून मृगाचा एक फोटो घ्यायचा. त्यावर कोणतीही रंगरंगोटी करायची नाही. तारीख आणि वेळ लिहून तो जपून ठेवायचा. सोबत नुसत्या डोळ्यांनी मृगाच्या चौकटीत किती तारे मोजता आले, तो आकडा.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तसाच एक. शाळांनी हे केले तर पाच वर्षांत गावोगावच्या रात्रीचा आलेख तयार होईल. दिवे झाकण्याची मागणी घेऊन ग्रामपंचायतीत जाणाऱ्याच्या हाती पाच फोटो असतील. कृत्तिकांचा पुंजका पहिल्या फोटोत दिसतो आणि पाचव्यात नाही, हे दाखवायला मग भाषणाची गरज पडणार नाही.